सोबतीला आई

तुलसा पटलेनं अंथरूण धरलं तेव्हा तिला तसा कोणता मोठा आजार नव्हता. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. ते नीट पार पडलं, टाके सुकले. डॉक्टरांनी तीन महिने जड काम करू नका म्हणून सांगितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तुलसा धानाच्या रोवणीला बांधीत, चिखलाच्या खाचरात, उतरली नाही. खाटेवर पडल्या पडल्या तिला शेतातल्या बायांचा आवाज ऐकू यायचा. तीन महिने संपले, धान कापून झालं, चुरून, मळणी होऊन घरात आलं. तुलसा मात्र उठली नाही.

देवरीहून चिचगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं गाव. नवरा उदेलाल. घरचं आठ एकर धान आणि दोन म्हशी. मोठा मुलगा उमेंद्र नागपूरला कारखान्यात कामाला. धाकटी योगेश्वरी बी.एस्सी. होऊन घरीच होती. तिला सगळे योगू म्हणायचे. आता चूल, भांडी, म्हशींचा चारा सगळं तीच बघू लागली.

उदेलालनं आपल्या परीनं सगळे उपाय केले. गावातल्या डॉक्टरकडून सलाईन लावून आणलं, ताकदीची इंजेक्शनं दिली, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. शेजारच्या जमुनाबाईनं लिंबू उतरवून चौकात टाकलं. तुलसाचं कशातच मन लागेना. दिवसातून सहा-सात वेळा चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट, एवढंच तिचं जेवण. रात्र उघड्या डोळ्यांनी जायची. पोरगी काही बोलायला आली की ती भिंतीकडे तोंड करायची.

शेवटी योगूच तिला गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, पण त्यांनी अर्धा तास दिला.

"काकू, सकाळी उठल्यावर काय वाटतं तुम्हाला?"

तुलसानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "काहीच नाही वाटत बाई. वाटाचंच बंद झालं."

डॉक्टरबाईंनी उदेलालला आत बोलावलं. हा नैराश्याचा आजार आहे, जसा ताप असतो, शुगर असते, तसाच हाही आजार. हे नाटक नाही आणि आळसही नाही, असं त्यांनी त्याला समजावलं. गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांच्या खाली आणखी दोन ओळी लिहिल्या : रोज मोकळ्या हवेत चालणं, आणि वेळेवर जेवण, त्यात डाळ, पालेभाजी, अंडी. उदेलालनं कागदाची घडी खिशात घातली. औषधाच्या दुकानदारानं त्यातल्या फक्त गोळ्या वाचल्या.

गोळ्यांनी महिनाभरात झोप आली. रडणं थांबलं. पण जाग आल्यावर उठावंसं वाटेना. दिवस येत होते आणि छपरावरून निघून जात होते.

त्याच सुमारास वनरक्षकाच्या भरतीची जाहिरात आली. योगूनं अर्ज भरला. लेखी परीक्षा, त्यानंतर तीन किलोमीटरची धावणी. अभ्यासाची तिला चिंता नव्हती, धावण्याची होती. शाळेतल्या खो-खोनंतर ती कधी धावली नव्हती. ती उजाडायच्या आत उठून रस्त्यावर धावू लागली. गावच्या हातपंपापासून वनविभागाच्या नाक्यापर्यंत दीड किलोमीटर, आणि परत.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. पंधराव्या-सोळाव्या दिवशी वळणावर तिला अस्वल दिसलं. रस्त्याच्या कडेला मोह वेचत होतं. योगू मागे वळली आणि घरापर्यंत थांबली नाही. घड्याळ लावलं असतं तर भरतीतला पहिला नंबर तिचाच आला असता, असं ती नंतर हसत सांगायची. त्या दिवशी मात्र तिनं घरात शिरून आधी दाराला कडी घातली.

उदेलाल म्हणाला, "बस झालं. उद्यापासून बंद. घरीच अंगणात पळ."

"अंगणात कोठी पळू बाबूजी? म्हशीभवती? तुम्ही चाला ना सोबत."

"मी आलो तं दूध कोन काढल? साडेपाचाले गाडी येऊन उभी रायते."

योगू थोडा वेळ दारात उभी राहिली. मग आत आली आणि खाटेजवळ बसली.

"आई, तू चाल."

तुलसानं डोळे उघडले. "मी? मले अंगणापर्यंत जावत नाही वं."

"तुले पळाले कोन सांगून रायलं? नुसती उभी राय पुलियाजवळ. माणूस असलं की जनावर दूर रायते. मले एकटीले भेव लागते."

 त्या दिवशी तुलसा छताकडे बघत बराच वेळ तशीच पडून राहिली. दहा महिने झाले, घरातला जो तो तिला काहीतरी देत होता. कोणी गोळी द्यायचं, कोणी चहा, कोणी सल्ला. तिच्याकडे मागायला कोणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे योगूनं बूट घातले तेव्हा तुलसा खाटेच्या कडेला बसलेली होती. डोक्याला रुमाल बांधलेला. हातात उदेलालची काठी आणि तेलाचा रिकामा डबा.

"डबा कायले?"

"वाजवाले. आवाज झाला तं अस्वल येत नाही."

हातपंपापासून पुलिया, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, पाचशे पावलांवर. तुलसाला तेवढं चालायला पंधरा मिनिटं लागली. दोनदा थांबली, एकदा परत जाऊ म्हणाली. पुलियाच्या कठड्यावर बसून ती डबा वाजवू लागली, आणि योगू त्या आवाजावर धावत गेली. परत आली तेव्हा तुलसा घामानं भिजली होती. घरी येऊन ती झोपली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कडेला बसलेली होती.

गावात हे लपलं नाही. परतताना जमुनाबाई झाडू घेऊन अंगणात उभी असायची.

"का वं तुलसा, फिराले जाऊन रायली का? रिटायर झालेल्या साहेबावानी?"

"पोरीले राखाले जातो," तुलसा म्हणायची आणि मान खाली घालून पुढे जायची. फिरायला जाते असं म्हणायची तिला लाज वाटली असती. पोरीला राखायला जाण्यात लाज नव्हती.

पुलियावरून रस्त्याचं वळण दिसायचं, वळणापलीकडचं दिसायचं नाही. योगू वळणाआड गेली की तुलसाचा जीव खालीवर व्हायचा. डबा कितीही वाजवला तरी उत्तर येत नसे. चौथ्या-पाचव्या दिवशी ती कठड्यावरून उठली आणि वळणापर्यंत गेली, तिथून पुढचा सरळ रस्ता नजरेत आला. पण टोकाला सागवानाची गर्दी, तिथं पुन्हा योगू दिसेनाशी व्हायची. मग तुलसा आणखी थोडी पुढं गेली. किलोमीटरच्या दगडापर्यंत. त्यापुढं आणखी. पाऊस लागायच्या आत ती नाक्यापर्यंत जाऊ लागली, आणि तिथला चौकीदार बकाराम पोरीची नाक्यापासून पंपापर्यंत आणि परतीची वेळ मोबाईलवर मोजून तिला सांगू लागला.

"सतरा मिनिटं झाली मावशी. अजून लय कमी कराले लागल."

वेळ कमी होत नव्हती. उलट एका सकाळी योगू नाक्याजवळ येऊन बसली ती उठेचना. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. उपकेंद्रातल्या सिस्टरनं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेआठ.

सिस्टर म्हणाली, "खातेस काय तू?"

"भात. वरण. कधी आलू."

"अन् सकाळी?"

"चहा-बिस्कीट."

तुलसा बाजूलाच उभी होती. पोरगी तेच खात होती जे ती स्वतः खात होती. घरात सगळ्यांचा स्वयंपाक करून, आईला चहा करून देताना आपलाही कप भरून, पोरगी तशीच धावायला जात होती. तुलसानं सिस्टरकडून गोळ्या घेतल्या. घरी येऊन तिनं योगूला चुलीजवळून उठवलं.

"सरक. मी करतो."

त्या दिवसापासून घरात बिस्किटाचा पुडा आला नाही. परसातल्या शेवग्याला, ज्याला तिकडे मुनगा म्हणतात, वर्षभर कोणी हात लावला नव्हता. तुलसानं त्याचा पाला ओरबाडून डाळीत घातला. रात्री चणे-मूग भिजवायचे, दिवसभर फडक्यात बांधून ठेवायचे, पुढच्या सकाळी मोड आलेले वाफवून, त्यावर कांदा नि लिंबू. जवसाची चटणी कुटली. गावात कोंबड्या पाळणाऱ्या केवलरामच्या घरून गावरान अंडी आणली. बुधवारी तलावातले बारीक मासे. काहीच नवं नव्हतं. तिची आई हेच करायची, तीही करायची, मध्येच कुठंतरी सुटून गेलं होतं.

योगूनं एक अट घातली. "तू जे मले देशील ते तू बी खाशील. माझ्या समोर बसून."

"मले भूक नाही लागत वं."

"तं मले बी नाही लागत."

तुलसा पहिले काही दिवस औषध खाल्ल्यासारखी खायची. मग श्रावणातल्या एका सकाळी नाक्यावरून परतताना ती अचानक रस्त्यात थांबली. योगू घाबरली.

"काय झालं आई? चक्कर येऊन रायली का?"

"नाही." तुलसा पोटावर हात ठेवून उभी होती. "भूक लागली मले." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. भर रस्त्यात, हातात डबा घेऊन, ती रडत होती आणि हसतही होती. योगूनं तिला धरलं. पुढं कितीतरी वर्षांनी कोणी विचारलं की तुम्ही बऱ्या कधी झाल्या, तर तुलसा त्या सकाळचं नाव घ्यायची.

खरं म्हणजे त्या सकाळी ती बरी झाली नव्हती. त्यानंतरही वाईट दिवस आले. पोळ्याच्या आठवड्यात तर ती दोन दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. काही कारण नव्हतं. तिसऱ्या पहाटे जाग आली तेव्हा दाराशी योगू बूट घालून बसलेली दिसली. धावायला गेली नव्हती, हाकही मारत नव्हती. नुसती बसली होती.

"काऊन बसली वं?"

"तुझी वाट पाहून रायली."

"आज नाही होत मले."

"बरं. मग मी बी बसतो."

अर्ध्या तासानं तुलसा उठली. त्या दिवशी दोघी पुलियापर्यंतच गेल्या, धावणं झालंच नाही, कठड्यावर बसून परत आल्या. पण गेल्या.

तपासणीला तिघं गोंदियाला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी तुलसाला आधी ओळखलंच नाही. उदेलाल खूश होऊन म्हणाला, "मॅडम, आता गोळ्या बंद करून टाकू का?"

"नाही काका. चालणं, जेवण आणि गोळी, तिन्ही मिळून काम करताहेत. बंद करायची वेळ आली की मी सांगेन, हळूहळू कमी करू." मग त्या तुलसाकडे वळल्या. "रोज चालता तुम्ही? कोणी लावलं हे चालायला?"

"अस्वलानं," तुलसा म्हणाली. डॉक्टरबाई खो खो हसल्या, आणि वर्षा-दीड वर्षात तुलसानं कोणाला हसवलं होतं ते पहिल्यांदाच.

दिवाळीनंतर लेखी परीक्षा झाली. योगूला चांगले मार्क पडले. धावणीच्या दिवशी तुलसा सोबत गेली. मैदानाच्या कुंपणाबाहेर शेकडो आईबाप उभे होते. योगू जीव तोडून धावली, रोजच्यापेक्षा चांगली धावली. यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. थोड्याच मार्कांनी राहिलं होतं.

योगू घरी आली, बूट काढून खाटेखाली सरकवले, आणि झोपली. दुसऱ्या दिवशी उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ताट समोर ठेवलं तर दोन घास खाऊन बाजूला सारायची. उदेलाल दारात उभा राहून म्हणायचा, "पुन्हा येईल ना भरती, त्यात काय एवढं." योगू तोंडावर पांघरूण घ्यायची. उमेंद्रनं नागपूरहून फोन केला, तिनं घेतला नाही.

तुलसा हे सगळं बघत होती. तिला हे ओळखीचं होतं. ते पांघरूण, ती भिंत, जेवणाच्या ताटाकडे बघण्याची ती नजर. ती घाबरली. माझ्यामुळंच लागलं की काय हे पोरीला, असंही एकदा मनात आलं. नवव्या दिवशी पहाटे तिनं खाटेखालून बूट ओढून काढले, पुसले, आणि योगूच्या उशाशी बसली.

"योगू."

"आई, मले नको सांगू काही."

"नाही सांगत. भरतीचं नावच नाही घेत. तू पळू नको, काही नको करू." तिनं पोरीच्या केसांतून हात फिरवला. "पण जेथी तू जाऊन रायली ना, तेथी मी दहा महिने राहून आली. तेथी काही नाही, बाई. मी सगळं पाहून आली. काहीच नाही तेथी. ऊठ."

योगू हमसून हमसून रडू लागली. नऊ दिवसांत ती रडलीच नव्हती. तुलसानं तिला पोटाशी धरलं, रडू दिलं. मग तिच्या पायात स्वतः बूट घातले, लहानपणी शाळेत पाठवताना घालायची तसे, आणि नाडी बांधली.

त्या सकाळी तुलसा पुढं आणि योगू मागं, अशा दोघी चालल्या. योगू अर्धा रस्ता रागात होती. आपल्याच वयाच्या पोरी, परीक्षेचे लोक, नशीब, सगळ्यांवर. तुलसानं सगळं ऐकून घेतलं. नाक्याजवळ बकारामनं विचारलं, "आज वेळ मोजू का?"

"नको भाऊ," तुलसा म्हणाली, "आज नुसतंच आलो."

घरी येऊन तिनं अंड्याची पोळी केली. योगूनं दोन खाल्ल्या.

पुढच्या जाहिरातीला दीड वर्ष लागलं. तोवर दोघींचं चालणं सुटलं नाही, आणि थोड्याच दिवसांत त्या दोघीच राहिल्या नाहीत. आधी गुडघेदुखीवाली रुख्मा आली. मग एक दिवस जमुनाबाईच झाडू अंगणात टाकून मागं निघाली.

"मी फिराले नाही येऊन रायली हो," ती आधीच म्हणाली. "तुम्हा दोघीले राखाले येतो."

कोणी तिची चेष्टा केली नाही. नवरा गेल्यापासून जमुनाबाई अंगणातून टोमणे मारायची तेवढंच, तीही कुणाशी धड बोलत नव्हती, ते तुलसाला आता कळत होतं. आधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला योगू बारा मिनिटं आणि काही सेकंदांत आली. यादीत नाव लागलं. शेवटची चाचणी चार तासांत सोळा किलोमीटर चालण्याची होती. योगू म्हणाली, "हे तं आईनंबी केलं असतं."

नेमणूक कोहमाऱ्याकडच्या जंगलात मिळाली. निघायच्या दिवशी देवरीच्या बसस्टँडवर उदेलालनं पेटी टपावर चढवून दिली आणि वळून पाण्याच्या बाटलीचं निमित्त करून दुकानाकडे गेला. तुलसानं पिशवी पोरीच्या हातात दिली. जवसाची चटणी, मुनग्याच्या पाल्याची पूड, भाजलेले चणे.

"तेथी एकटीसाठी करावं लागते म्हणून चहा-बिस्किटावर नको राहजो."

"नाही राहत."

"अन् योगू." तुलसाला जे बोलायचं होतं त्यासाठी तिच्या घरात कधी शब्द वापरले गेले नव्हते. ती चाचरत म्हणाली, "तू मले मागितलं म्हणून मी उठली. गोळ्यानं झोप देली, ते बाईचे उपकार. पण उठवलं तूनं. मी विसरणार नाही."

योगूनं वाकून तिच्या पायांना हात लावला. "मी तं भेवून मागितलं होतं आई. तुले बरं कराचं माझ्या डोक्यातबी नव्हतं." ती उभी राहिली. "अन् नवव्या दिवशी तू नसती आली तं?"

बस सुटली. तुलसा हात हलवत राहिली.

त्यानंतरच्या सोमवारी पहाटे तुलसा निघाली तर उदेलाल अंगणात उभा. पायात चप्पल, अंगात स्वेटर. दूध काढायला आता केवलरामचा पोरगा यायचा, म्हणून उदेलाल पहाटे मोकळा होता.

"तुम्ही कोठी?"

"येतो तुझ्यासोबत. एकटी जाशील का?"

"एकटी कायले? रुख्मा आहे, जमुनाबाई आहे."

"तरी येतो." तो तिच्या बाजूनं चालू लागला.  मग म्हणाला, "त्या डॉक्टरबाईनं कागदावर खाली लिहून देलं होतं. चालाचं अन् खायाचं. मी वाचलंच नव्हतं. तो कागद काल सापडला." खाली रस्त्याकडे बघत तो म्हणाला, "चुकलंच माझं."

"आता तं चालून रायलो ना आपण," तुलसा म्हणाली.

वळणाला रुख्मा आणि जमुनाबाई वाट बघत उभ्या होत्या. उदेलालला बघून जमुनाबाईनं पदर तोंडावर धरला आणि हसू दाबलं. उदेलालनं लाजून चप्पल झटकली. सागवानाच्या मागं तांबडं फुटत होतं. नाक्यापर्यंत पोहोचता पोहोचता त्याला धाप लागली, तेव्हा तुलसानं त्याला दगडावर बसवलं, पदराची गाठ सोडली आणि भाजलेले चणे त्याच्या हातावर ठेवले.